एवढ्याशा बेटाला स्वतःचं ‘आयएसआय’ कशाला?

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षापासून मॉरिशसला असते. जावयांची नोकरी तिथल्या एका हॉटेलात आहे. जाताना मी हौसेने मिक्सर आणि कुकर बांधून दिला. मिक्सरची पिन तिथल्या एकाही सॉकेटमध्ये जाईना. दुकानदार म्हणाला, ‘आमचं स्टँडर्ड वेगळं, आमचा स्टँडर्ड्स ब्यूरो इथे मोका गावाला आहे.’ मला एक कळत नाही. अख्खा देश आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढा. त्यांनी आपलं किंवा इंग्रजांचं मानक उचलावं आणि मोकळं व्हावं. वेगळं ऑफिस थाटायची हौस कशाला? – सु. ग., चिपळूण

उत्तर : ताई, आधी मिक्सरचं बघू, कारण मुलीची चटणी अडलेली असणार. वीज तिथेही आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे मिक्सर जळायची भीती नाही, फक्त प्लग टॉप बदलून घ्यायचा. तिथे दोन तऱ्हेची सॉकेटं दिसतात. एक इंग्रजी, चपट्या चौकोनी तीन पिनांचं. दुसरं फ्रेंच वळणाचं, दोन बारीक गोल पिनांचं. बेटावर १८१० पर्यंत फ्रेंच होते, मग १९६८ पर्यंत इंग्रज, आणि भिंतीवर अजून दोघेही शेजारी शेजारी नांदतात. मिक्सरला अर्थिंग असेल तर इंग्रजी तीन पिनांचाच प्लग लावा. त्याच्या पोटात फ्यूज असतो आणि तो बहुतेक वेळा १३ अँपिअरचा येतो. ७५० वॅटच्या मिक्सरला ५ चा पुरे. १३ चाच राहू दिला तर मिक्सरच्या वायरीच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा.

गंमत बघा, आपल्या जाड गोल पिनाही इंग्रजांच्याच, फक्त त्यांच्या जुन्या मानकातल्या. चौकोनी पिनांचं नवं मानक त्यांनी काढलं १९४७ साली. म्हणजे ते इथून गेले त्याच वर्षी. तेव्हा ‘इंग्रजांचं उचलावं’ म्हणताना कुठल्या सालचं, हेही ठरवायला कुणीतरी बसावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुमचं गणित चोख आहे : रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटर, मॉरिशस २,०४०. लोकवस्ती मात्र साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या जिल्ह्याहून फार कमी नाही. आणि मानकं ते उचलतातच. छोट्या देशाचा ब्यूरो म्हणजे शे-दोनशे शास्त्रज्ञ बसून नवीनवी मानकं लिहितात असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, विजेच्या बाबतीत आयईसी या तशाच दुसऱ्या संघटनेची, कधी ब्रिटिश मानकं घ्यायची, आपल्या हवेला आणि बाजाराला लागू पडतात का ते समितीत बसून तपासायचं, लागेल तिथे दोन ओळी बदलायच्या आणि वर ‘एमएस’ (मॉरिशियन स्टँडर्ड) अशी अक्षरं घालून ते राष्ट्रीय मानक म्हणून जाहीर करायचं. मानक लिहिणं हे अशा ब्यूरोचं सगळ्यात किरकोळ काम. ऑफिस लागतं ते पुढच्या कामासाठी.

ते काम काय, हे माझ्या घराच्या बांधकामातून सांगते. मी ३१ वर्षं कॅलिब्रेशनमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्याच्या काट्यावर आणि मीटरवर संशय घेण्याचा पगार घेतला. घराचा स्लॅब पडायच्या आधी १२ एमएमची सळई आली. कागद फर्स्टक्लास, सळईवर मार्क उमटलेला, बिलावर टनाचा आकडा. मला राहवेना. एक मीटरभर तुकडा कापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये नेला. १२ एमएमची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरायला हवी. एकट्या तुकड्याला आपलं मानक सहा टक्के कमी चालवून घेतं, म्हणजे ८३५ पर्यंत ठीक. माझा तुकडा भरला ८१२. पुन्हा लावला, पुन्हा ८१२. विकणाऱ्याने आधी ‘मॅडम, तुमचा काटा चुकत असेल’ म्हणून बघितलं. माझा काटा! मी काट्याचं सर्टिफिकेट त्याच्या टेबलावर ठेवलं, आणि संध्याकाळी ट्रक येऊन माल उचलून घेऊन गेला.

आता हेच मॉरिशसच्या जागी धरा. लोखंडाची खाण नाही, सळईचं पोलाद बोटीने येतं. सिमेंटही बोटीनेच. आणि घर मात्र काँक्रीटचंच हवं, कारण १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ नावाचं चक्रीवादळ आलं आणि लाकडाची, पत्र्याची घरं हजारोंनी झोपवून गेलं. तेव्हापासून तिथला माणूस काँक्रीटकडे वळला. त्या स्लॅबमधली सळई ८८८ ची की ८१२ ची, हे वादळाला कळायच्या आधी घरमालकाला कळायला हवं ना? बेटावर लॅब नसेल तर नमुना परदेशी पाठवायचा. रिपोर्ट येईपर्यंत बोट रिकामी होऊन गेलेली, सळई स्लॅबच्या पोटात. सिमेंटचे ठोकळे तर पाण्यात ठेवून २८ दिवसांनी फोडायचे असतात. ते कुठे पाठवणार?

जो देश बहुतेक सगळं बाहेरून आणतो, त्याला धक्क्यावर उतरलेल्या मालाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि तेही असं की विकणाऱ्याने ‘तुमचा काटा चुकतोय’ म्हटलं तर टेबलावर कागद ठेवता येईल. ब्यूरो म्हणजे तो कागद. तुम्ही विचारलेल्या ‘हौसे’चं हे उत्तर.

दुसरी बाजू विकण्याची. मॉरिशस स्वतंत्र झालं १९६८ च्या १२ मार्चला. तेव्हा विकायला मुख्य गोष्ट एकच : साखर. १९७० साली त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला आणि हळूहळू लोकरीचे स्वेटर, टी-शर्ट विणले जाऊ लागले. १९७५ साली युरोपशी लोमेचा करार झाला, त्यात साखरेचा जवळजवळ पाच लाख टनांचा कोटा बांधून मिळाला. आणि त्याच १९७५ साली त्यांचा मानकांचा कायदा आला, मॉरिशस स्टँडर्ड्स ब्यूरो जन्मला. युरोपातला गिऱ्हाईक स्वेटर हातात घेऊन ‘छान ऊबदार आहे’ म्हणत नाही. रंग किती धुण्यांत उतरतो, टाचणीएवढ्या गोळ्या किती धरतात, हे आकड्यांत मागतो. तो आकडा बेटावर काढता येत नसेल तर प्रत्येक नमुन्यामागे विमानाचं भाडं.

योगायोग म्हणजे, त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला ‘जर्वेझ’ वादळही आलं. वाऱ्याचे झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले. वादळामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही, पण त्या वर्षी सळईबद्दल बोलणाऱ्याला कान मिळाले असतील.

नव्याने स्वतंत्र झालेल्या बऱ्याच बेटांनी तेव्हा हेच केलं. कॅरिबियनमध्ये बार्बाडोसने १९७३ साली, त्रिनिदादने १९७४ साली. आपण १९४७ च्या ६ जानेवारीलाच, म्हणजे स्वातंत्र्य हातात यायच्याही सात महिने आधी, इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन काढली होती. तीच तुमची आयएसआय. नाव बदलून बीआयएस झाली तरी आपल्या तोंडात अजून आयएसआयच.

मोकाच्या ब्यूरोची सुरुवात सरकारी खात्याच्या पोटात झाली. (मोका हे नाव कॉफीवरून पडलेलं, आपल्या ‘मोक्या’शी त्याचा संबंध नाही.) १९९३ च्या कायद्याने तो स्वायत्त झाला. १९९८ साली आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली : लॅबना मान्यता देणारी ‘मॉरिटास’ ही संस्था वेगळी काढली. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच नको, म्हणून. मोठ्या देशात हे आपोआप जमतं, माणसं पुष्कळ असतात. बेटावर सिमेंट आणणारा, ते वापरणारा बिल्डर, विद्यापीठातला प्राध्यापक आणि ब्यूरोतला अधिकारी एकाच शाळेत शिकलेले असण्याची शक्यता दाट. समितीत एकमेकांना ‘नाही’ म्हणणं तिथे जास्त अवघड. म्हणून तिथे कागदावरच्या भिंती जास्त लागतात.

आणि एक अडचण आहे, जी आपल्याला इथे बसून सुचत नाही. ब्यूरोतल्या काट्याचा काटा कोण तपासणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये महिनाभर एक मुलगा शिकायला होता, हिंदी महासागरातल्याच एका बेटाच्या मानक खात्यातला. वजनांचा विभाग त्याच्याकडे. डब्याच्या सुट्टीत तो सांगायचा, की त्यांच्या देशाची सगळ्यात अचूक वजनं एका लाकडी पेटीत असतात, मखमलीच्या खाचांत बसवलेली, एक मिलीग्रॅमच्या पत्र्यापासून एक किलोच्या गोळ्यापर्यंत. दर काही वर्षांनी ती पेटी मांडीवर घेऊन कुणीतरी विमानात बसतं, मोठ्या देशातल्या लॅबमध्ये जाऊन तपासून आणतं. सामानात टाकायची नाही, आदळली तर संपलं. त्या एक किलोच्या वजनाला चूक चालते ती १.६ मिलीग्रॅमची. तांदळाचा एक दाणा धरा २० मिलीग्रॅमचा, त्याचे बारा तुकडे करा, त्यातला एक.

एकदा परतताना कुठल्याशा विमानतळावर कस्टमच्या माणसाने पेटी उघडायला लावली. हा हातमोजे काढून देईपर्यंत त्या गृहस्थांनी किलोचं वजन उघड्या हाताने उचललं, तळहातावर जोखलं आणि विचारलं, ‘चांदी आहे का?’ घामेजलेल्या बोटांचे पाच ठसे चकचकीत स्टीलवर. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मला रडू फुटलं, आणि त्यांना वाटलं मी खरंच चांदी नेतोय.’ ठसा पुसता येतो, पण पुसल्यावर ते वजन सर्टिफिकेटवरचं राहिलं का, हे सांगायला पुन्हा विमान. तोपर्यंत त्या वजनावरून तपासायची खालची वजनं, त्यांच्यावरून तपासायचे कारखान्यांचे काटे, सगळी रांग खोळंबलेली.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा किलो आहे. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या गोळ्यावरून सुटून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर गेली, पण बेटावरच्या माणसाचा प्रवास त्याने चुकत नाही. पेटी अजून मांडीवरच.

कुकरचं राहिलं. शिट्टी तिथेही तशीच वाजेल. गॅसकेट मात्र इथूनच दोन पाठवून द्या.

प्रश्न : नमस्कार. मी मॉरिशसमध्ये व्हाक्वा येथे राहतो. माझे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसाच्या कामासाठी आले. घरात आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो, चूक असेल तर क्षमा करा. आजीच्या नावावर २२ पेर्श जमीन आहे. पुण्यातील मित्राला सांगितले तर त्याला पेर्श समजत नाही, आणि मला त्याचा गुंठा समजत नाही. आमच्या देशात किलो-मीटर चालते, ब्यूरो आहे, तरी जमिनीला आर्पां आणि पेर्श का? – एक वाचक, व्हाक्वा

उत्तर : दादा, तुमचं मराठी माझ्या नातवापेक्षा शुद्ध आहे, क्षमा कसली मागता.

हिशोब असा. तुमचा एक आर्पां म्हणजे ४,२२१ चौरस मीटर, त्याचे १०० पेर्श. म्हणजे पेर्श ४२.२१ चौरस मीटरचा. आमचा गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०१.१७ चौरस मीटर. आजीचे २२ पेर्श झाले ९२८.६ चौरस मीटर, म्हणजे सव्वानऊ गुंठ्यांना किंचित कमी. पुण्यात एवढी जागा असती तर मित्राने दुसरा प्रश्न विचारला नसता.

हा ४२.२१ आला कुठून? फ्रेंच राजाच्या पावलावरून. त्यांचा जुना ‘पिए’ म्हणजे फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, आपल्या ओळखीच्या इंग्रजी फुटापेक्षा थोडा लांब. असे २० पिए लांब आणि २० पिए रुंद चौकोन म्हणजे तुमचा पेर्श. आता यातली मेख ऐका. त्याच फ्रेंचांनी क्यूबेकमध्ये नेलेला पेर्श १८ पिएचा. म्हणून तिथला आर्पां ३,४१९ चौरस मीटरचा. नाव एक, राजा एक, आणि जमिनीत ८०० चौरस मीटरचा फरक! तुमचा कुणी नातेवाईक कॅनडात असेल तर त्याच्याशी आर्पांच्या गोष्टी जपून करा. एकराशीही गल्लत नको. तुमचा आर्पां एकरापेक्षा १७४ चौरस मीटरने मोठा आहे, म्हणजे पावणेदोन गुंठे जवळजवळ. ‘आर्पां म्हणजे एकरच हो’ असं म्हणणारा माणूस विकत घेणारा आहे की विकणारा, ते आधी बघावं.

ब्यूरोने हे का मोडलं नाही? कारण ते ब्यूरोचं कामच नाही. दुकानातला काटा, पेट्रोलचा पंप, वजनावर मारायचा शिक्का हे तुमच्याकडे व्यापार खात्याच्या वजनमापं विभागाकडे आहे, जसं आमच्याकडे वैधमापन खात्याकडे. ब्यूरो वजन अचूक आहे का ते सांगतो, लोकांनी कुठल्या मापात बोलावं ते नाही. आणि ते कोणी सांगून होत नाही. आम्ही १९५६ साली मेट्रिकचा कायदा केला, सातबारावर हेक्टर आणि आर लिहितो. पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१ चा, त्यामुळे लोकांनी सोय काढली. वाचतात आर, म्हणतात गुंठा. माझी आई शेवटपर्यंत तांदूळ पायलीत मोजायची आणि किराणावाल्याला किलोत सांगायची. मनातल्या मनात हिशोब करताना तिचे ओठ हलायचे.

दस्तऐवज मात्र चौरस मीटरमध्ये असू द्या. आजीच्या कागदावर नुसते पेर्श असतील तर सर्व्हेयरकडून नकाशावर मीटरचे आकडे घालून घ्या. भावंडं सगळी सुरात आहेत तोवरच.

प्रश्न : जळगावला आमचा पीव्हीसी पाइपचा छोटा कारखाना आहे. आयएसआय मार्क आहे. मॉरिशसच्या एका व्यापाऱ्याकडून विचारणा आली आहे. आयएसआय तिथे चालेल का, की एमएस मार्क घ्यावाच लागेल? – एक उद्योजक, जळगाव

उत्तर : आयएसआय मार्क म्हणजे पासपोर्ट नव्हे. तो आपल्या मानकाप्रमाणे माल आहे एवढंच सांगतो, आणि तुमचा व्यापारी कदाचित वेगळं मानक मागत असेल. बाहेरचा व्यास आणि दाबाचा वर्ग दोन्हींकडे सारखा आहे का, हे कोटेशन देण्याआधी बघा. फिटिंग न बसणारा पाइप कितीही मजबूत असला तरी परत येतो.

सक्तीचं म्हणाल तर, मानक हे मुळात ऐच्छिक असतं. सरकार जेव्हा नियमात लिहितं की हा माल या मानकाचाच हवा, तेव्हा ते बंधन होतं. आपल्याकडे प्रेशर कुकरचं आयएस २३४७ कित्येक वर्षं होतंच, सक्तीचं झालं २०२० च्या आदेशाने. तिथेही तसंच. तेव्हा ‘मानक कुठलं’ आणि ‘त्यावर नियम आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न विचारा. विचारायचे कुणाला, तर जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशाला अशा चौकशीसाठी एक खिडकी ठेवावी लागते. मॉरिशसमध्ये ती मोकाच्या ब्यूरोतच आहे, आपल्याकडे बीआयएसमध्ये. व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर माल भरू नका, तिथून लेखी घ्या. टेस्ट रिपोर्ट एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी आपली संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा जोडा, तो बाहेर वाचला जातो.

आणि कृपा करून पाइपचा तुकडा मासिकाच्या पत्त्यावर पाठवू नका. मी सळईबद्दल लिहिलं की कुणीतरी मीटरभर कापून पार्सल करतंच. आतापर्यंत तीन आले. दोन बरोबर भरले. तिसरा ८३० चा आहे, त्याने सध्या मी बाल्कनीचं दार अडवून ठेवते.